दहावी झाली, लेकीला दवाखान्यात काम करायचंय. पुढच्या दोन वर्षांत तयारी नेमकी कशाची करावी?

केवडा | १९ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

चार-पाच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक यंदा दहावी झाली. ८३ टक्के. मराठी माध्यम, आठवीपासून सेमी. आम्ही बार्शीजवळच्या गावात राहतो. यांचं किराणा दुकान, माझं बीए. सासर-माहेर दोन्हीकडे डॉक्टर, नर्स, औषधाच्या दुकानात काम करणारं असं कुणीच नाही. त्यामुळे विचारावं तरी कुणाला?

मागच्या दिवाळीत सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होतो. लेक रात्री माझ्याबरोबर थांबायची. तिथल्या एक सिस्टर दर दोन तासांनी यायच्या, खालची चादर धरून सासूबाईंना हलकेच कुशीवर करायच्या, दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवायच्या आणि टॉर्च लावून पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. कुठे लाल झालंय का एवढंच. तिसऱ्या रात्री लेकीने मोबाइलवर दोन-दोन तासांचे गजर लावले. सिस्टर यायच्या आत ही उशी घेऊन उभी. घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला हेच करायचंय." 'हेच' म्हणजे काय ते तिलाही नीट सांगता येत नाही.

आता अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालाय, तो फॉर्म भरायचाय. शहरातल्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो. दोन वर्षांचे अडीच लाख. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ती नीट परीक्षा असते ना, त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, "नीटला किती काढणार?" ती गप्प. बाहेर आल्यावर मला म्हणते, "सहाशे नाही पडले तर मला दवाखान्यात घेणारच नाहीत का?" मला उत्तर देता आलं नाही.

मॅथ्स ठेवावं की सोडावं? क्लास लावावाच लागतो का? नीट नाही झाली तर पुढे काय काय असतं? आणि अभ्यास सोडून या दोन वर्षांत तिने काय करावं, जेणेकरून तिला स्वतःलाच कळेल की हे आपल्याला झेपतंय की नाही?


सई_आणि_शौनकची_आई | १९ मे, रात्री १०:५२

वाचते आहे. माझी मोठी नववीत आहे, तिचंही हेच चाललंय. चांगला धागा काढलात.


रात्रपाळी | २० मे, पहाटे ५:३०

केवडाताई, रात्री ड्यूटीवर तुमचा धागा वाचला. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: घेतात. मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे, बावीस वर्षं झाली. नीट हा शब्द आमच्या वेळी नव्हताच.

तुमच्या सासूबाईंच्या खाटेपाशी अकरा दिवसांत किती जण येऊन गेले ते लेकीला आठवायला सांगा. डॉक्टर आले. आम्ही आलो. रक्त घ्यायला लॅबवाले, एक्स-रेला न्यायला वॉर्डबॉय मामा, एक्स-रे काढणारे, ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर, मग वॉकर धरून चालवणारे फिजिओथेरपिस्ट, औषध निर्माण अधिकारी. यातल्या प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, वाट वेगळी, दिवस वेगळा. मुलांना त्यातला फक्त डॉक्टर दिसतो, कारण राउंडला सगळे त्यांच्या मागे उभे असतात.

तुमची लेक मात्र सिस्टरकडे बघत होती. हे मी मुद्दाम लिहितेय. तिला डॉक्टर व्हायचं असेल तर जरूर व्हावं. पण तिने ज्यासाठी गजर लावला ते काम नर्सिंगचं आहे. ज्या वयात मुलं रात्री उठत नाहीत त्या वयात ती दर दोन तासांनी उठली. माझ्याकडे विद्यार्थिनी येतात तेव्हा मी हेच शोधत असते आणि दहातल्या दोघींत सापडतं.

आता नर्सिंगच्या वाटा. एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिकेचं शिक्षण, दोन वर्षांचं, त्यातून आरोग्यसेविका होता येतं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं. या दोन्हींना बारावी कोणत्याही शाखेची चालते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, आणि आता राज्य सीईटी कक्ष त्याची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, घेतो. जीएनएम केलेल्यांना नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते. मी तेच केलं, मूल कडेवर असताना. पुढे अधिपरिचारिका, परिसेविका (वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर), अधिसेविका (मेट्रन) अशी चढती पदं. बी.एस्सी. झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्याचीही वाट आहे.

दोन वर्षांत काय करावं, ते घरातूनच सुरू करा:

रोज सकाळी आजीची नाडी मोजायला सांगा. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण ठोका चुकत असेल तर तो उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत चुकतो. अंगठ्याने मोजायची नाही, स्वतःच्याच अंगठ्याचा ठोका लागतो. तारीख, वेळ, आकडा वहीत. महिनाभर एकही दिवस न चुकवता. कंटाळा येईल. आमच्या कामात कंटाळ्याच्या दिवशीही आकडा खरा लिहावा लागतो, त्याचीच ही सवय.

दुसरं, आजीच्या गोळ्यांचा डबा. प्रत्येक पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव नाही, त्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव लिहायचं, किती मिलिग्रॅम, कधी, कशासाठी.

तिसरं, गावच्या आशाताईंना भेटा. महिन्यातून एकदा अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र असतं. तिथे बाळांना वजनकाट्यावर ठेवायला, कार्ड वाचायला, बायांना रांगेत बसवायला हात हवेच असतात. सुईला मात्र हात लावायचा नाही. वापरलेल्या सुईला टोपण घालायला कुणी सांगितलं तरी नाही.

आणि एक, जे कुणी सांगत नाही: तिचं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिच्या लशीचे डोस झालेत का बघा. नसतील तर आत्ताच सुरू करा. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात. वॉर्डात पाय ठेवायच्या आत ते पूर्ण झालेले असावेत.

झोपते आता. बाकीचं नंतर.


वर्ध्याचा_वाटसरू | २० मे, दुपारी २:१०

रात्रपाळी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी एमबीबीएस, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. नीटबद्दल लिहितो, कारण क्लासवाले जे सांगतात त्याने पालक घाबरूनच जास्त जातात.

पेपर ७२० गुणांचा, प्रश्न १८०, वेळ तीन तास. बायोलॉजीचे ९० प्रश्न म्हणजे निम्मे गुण तिथेच. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. पेपर मराठीतही घेता येतो. एमबीबीएसला नीट लागतेच, पण बीडीएस (दातांचे डॉक्टर), बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) यांनाही तीच, आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी-स्पीच (ऐकण्या-बोलण्याचे उपचार), प्रोस्थेटिक्स (कृत्रिम हात-पाय) यांचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात. त्यामुळे एमबीबीएस नको असलं तरी नीट द्यावी. फार्मसीला, म्हणजे बी.फार्म.ला, राज्याची एमएचटी-सीईटी.

बायोलॉजीत मुलं फारशी मार खात नाहीत. मार बसतो फिजिक्सला, आणि त्याचं मूळ गणितात असतं. मॅथ्स विषय सोडला तरी लॉग, सदिश, आलेखाचा चढ, साधं डेरिव्हेटिव्ह हे जूनमध्येच शिकून घ्यावं लागतं. गणिताची नावड नसेल तर मी अकरावीला ते ठेवायला सांगेन. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. आणि जी मुलं मॅथ्स न घेता बी.फार्म.ला जातात त्यांना पहिल्या सत्रात रेमेडियल मॅथेमॅटिक्स करावंच लागतं. गणित सोडून पळता येत नाही, पुढे कुठेतरी गाठतंच.

पुस्तकांबाबत: बोर्डाचं पुस्तक बोर्डासाठी, पण नीटसाठी एनसीईआरटीची बायोलॉजीची दोन्ही पुस्तकं आकृतीखालच्या ओळींसकट वाचायची. गोष्टीचं पुस्तक वाचतात तशी, पुन्हा पुन्हा.

क्लासबद्दल माझं मत: क्लास लावा, पण ज्या 'इंटिग्रेटेड' व्यवस्थेत मूल ज्युनिअर कॉलेजात जातच नाही आणि प्रॅक्टिकल फक्त जर्नलमध्ये होतात तिथे घालू नका. कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः न बघितलेलं मूल पेशीचे प्रश्न सोडवेल, पण पुढे स्लाइड बघताना अडेल.

थोडं स्वतःचं. मी सेवाग्रामला शिकलो. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, १९६९ सालची. डॉ. सुशीला नय्यर यांनी काढलेली. तेव्हा तिथली प्रवेश परीक्षा वेगळी होती आणि तिच्यात गांधी विचारांचाही पेपर असे. आता नीटनेच प्रवेश होतो. पण पहिल्या वर्षी आश्रमात शिबिर आणि मग प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं, विद्यार्थ्यांना घरं वाटून द्यायची, ही पद्धत तेव्हा होती आणि आजही आहे. माझ्या वाट्याच्या एका घरातल्या आजोबांनी मला पहिल्या भेटीत विचारलं होतं, "गोळ्या आणल्या का?" मी म्हटलं, नाही, मी अजून शिकतोय. ते म्हणाले, "मग बस." मी तासभर बसलो. ते त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले. पेशंटला मध्येच न तोडता ऐकून घेणं मी त्या ओट्यावर शिकलो. केवडाताई, तुमच्या लेकीला आजी घरातच आहे. आजी दुखण्याबद्दल बोलेल तेव्हा मध्ये न बोलता ऐकायला सांगा. ही तयारी अडीच लाखांत मिळत नाही.


गोदाकाठ | २० मे, रात्री ९:०५

एक गोष्ट जीव तोडून सांगतो, कारण आमच्या घरात हे घडलंय.

माझ्या पुतण्याला दहावीनंतर हैदराबादला ठेवलं. मोठा क्लास, तिथलंच कॉलेज, बारावी तिथल्याच बोर्डातून. नीटला गुण चांगले पडले. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजात सहज बसले असते इतके. कागदपत्रं लावायला बसलो तेव्हा कळलं की राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास प्रमाणपत्र पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बदलीच्या सरकारी नोकरीवाल्यांच्या मुलांना वगैरे सवलत आहे, आमच्यासारख्यांना नाही. तिकडच्या राज्यानेही त्याला स्थानिक धरलं नाही. उरला १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा. शेवटी त्यातून दुसऱ्या राज्यात बीडीएसला गेला. माझा भाऊ ती माहितीपुस्तिका हातात घेऊन ओसरीवर बसला होता, संध्याकाळचा दिवा लावायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. अकरावीच्या आधी ते एक पान कुणी वाचलं असतं तर...

तेव्हा बारावी महाराष्ट्रातूनच करा.

दुसरं, आरक्षणात बसत असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी सायन्सला प्रवेश घेतल्याघेतल्या कॉलेजमार्फत टाका. पुरावे जुने लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, असलं काही. ते शोधायला गावोगाव फिरावं लागतं आणि बारावीच्या मे महिन्यात मुलाला घेऊन फिरण्यात अर्थ नाही.


केवडा | २० मे, रात्री ९:४०

गोदाकाठ, वाचून पोटात गोळा आला. आमचं लातूरला ठेवायचं चाललं होतं, म्हणजे महाराष्ट्रातच, पण हा नियम ठाऊकच नव्हता. दाखल्यांचं उद्याच बघायला सांगते यांना.


ठामपणे | २१ मे, सकाळी ८:२०

थोडा वेगळा सूर लावतो. वरचे प्रतिसाद मनापासून आहेत, पण पंधरा वर्षांच्या मुलीसमोर दहा दारं उघडून ठेवली की ती एकाही दारावर जोर लावत नाही. ८३ टक्के म्हणजे मुलगी हुशार आहे. दोन वर्षं सगळं बाजूला ठेवून एमबीबीएसच धरायला सांगा. नाही झालं तर बाकीचं आहेच. माझ्या मुलीने तसंच केलं, एक वर्ष ड्रॉप घेऊन. आज ती सरकारी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आधीच 'नाही झालं तर' म्हणत राहिलो असतो तर ती तिथे पोचली नसती. अंगणवाडी, नाडी हे सगळं नंतर आयुष्यभर आहेच की.


रात्रपाळी | २१ मे, दुपारी ४:००

ठामपणे, तुमच्या मुलीचं मनापासून अभिनंदन. ड्रॉप घेऊन पुन्हा बसायला धीर लागतो. आणि जोर लावण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, अभ्यास अर्धवट करून काहीच होत नाही.

पण 'बाकीचं आहेच' या दोन शब्दांपाशी मी अडते. दर वर्षी आमच्याकडे काही मुली अशा येतात की ज्यांना घरच्यांनी सांगितलेलं असतं, एमबीबीएस झालं नाही म्हणून नर्सिंग. त्या पहिले सहा महिने खाली मान घालून चालतात. बेडपॅन देताना त्यांचे डोळे भरतात. घाणीने नाही. आपण हरून इथे आलो, असं त्यांना वाटत असतं. त्या मुली वाईट नसतात हो. एकदा एकीने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला किती मार्क कमी पडले होते?" मी म्हटलं, कमी नाही पडले, मी पहिल्या पसंतीला हेच लिहिलं होतं. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

म्हणून म्हणते, वाटा आधीच दाखवा. अभ्यास पूर्ण ताकदीने करू दे, नीट देऊ दे. फक्त नर्सिंग किंवा लॅब ही नापासांची जागा आहे असं तिच्या कानावर घरातून पडू नये.


तिसरं_वर्ष | २१ मे, रात्री ११:१५

मी स्वतः बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मराठी माध्यम, गाव परभणी जिल्ह्यात. म्हणून लिहायचं धाडस करते.

पहिलं वर्ष इंग्रजीने खाल्लं. वर्गात सगळं इंग्रजीत. मी दोन रकान्यांची वही केली होती, डावीकडे क्लॅव्हिकल, उजवीकडे जत्रू, डावीकडे किडनी, उजवीकडे वृक्क. नंतर लक्षात आलं की उजवीकडचा शब्द ना वर्गात लागतो ना वॉर्डात. पेशंट कुठे वृक्क म्हणतात? मग मी तिसरा रकाना काढला: पेशंट काय म्हणतात.

त्या रकान्याने मला वाचवलं. आजी म्हणाली 'ठणकतंय' तर ते ठोक्याबरोबर दुखणं, बहुतेक वेळा गळू किंवा दाढ. 'कळ येतीय' म्हणजे येते आणि जाते, आतडं किंवा बाळंतीण. 'चमक मारती' म्हणजे वीज गेल्यासारखी, कमरेतून पायात. 'मुरडा' म्हणजे पोट आणि संडास दोन्ही विचारायचं. 'भगभग', 'आग', 'मुंग्या', 'बधिर' हे सगळं वेगवेगळं. एक काकू सारख्या म्हणत होत्या, "छातीत भरून आल्यावानी होतंय." बरोबरची शहरातली मुलगी म्हणाली, त्यांना रडू येतंय. मी परिसेविका मॅडमना बोलावलं, ईसीजी काढला, हार्ट अटॅक होता. मी काही शोध लावला नाही, फक्त माझ्या आत्याच्या तोंडी ते वाक्य आधी ऐकलेलं होतं.

म्हणून ताई, तुमच्या लेकीला सांगा, इंग्रजी रोज अर्धा तास मोठ्याने वाच, पण गावची बोली सोडू नको. पुण्या-मुंबईच्या मुलींना ती शिकायला दोन वर्षं लागतात.

फीबद्दल: शासनाने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा.


एक्स_किरण | २२ मे, दुपारी १:३०

आमच्या खोलीतूनही दोन शब्द.

मी रेडिओग्राफीत बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलची पदवी, केलं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम, तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. माझा प्रवेश बारावीच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गुणांवर झाला. लॅब, ऑपरेशन थिएटर, कार्डिऑलॉजी, डायलिसिस अशाही शाखा त्यात आहेत. ज्या मुलांना फिजिक्स आवडतं पण रक्त बघवत नाही त्यांनी आमच्याकडे जरूर बघावं.

लोक म्हणतात एक्स-रे म्हणजे बटण दाबायचं. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटने श्वास आत घेऊन धरला नाही तर फुफ्फुसं नीट उलगडत नाहीत आणि फिल्म वाया जाते. म्हाताऱ्या माणसांना 'दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा' समजत नाही. मी विचारतो, "बाबा, तरुणपणी विहिरीत उड्या मारायचा का?" चेहरा उजळतो. "मग उडीच्या आधी घ्यायचा तसा श्वास घ्या." एका झटक्यात छाती भरते. मी बटण दाबतो.

सावधगिरीची गोष्ट: गल्लीबोळांत सहा महिन्यांत, वर्षभरात लॅब टेक्निशियन किंवा एक्स-रे टेक्निशियन करून देणाऱ्या पाट्या दिसतात. माझ्या मावसभावाने अशा एका ठिकाणी पैसे भरले. कागद मिळाला, पण परावैद्यक परिषदेत त्यावर नोंदणी होईना. २०२१ च्या कायद्याने या सगळ्या शाखांसाठी राष्ट्रीय आयोगही आला आहे. फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची मान्यता, आणि नोंदणी कुठे होणार? त्यावर आडवंतिडवं उत्तर आलं तर तिथून उठा.


बोटांचे_खेळ | २२ मे, सायंकाळी ६:४५

ऑक्युपेशनल थेरपीचं नाव वर आलं म्हणून आनंद झाला. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा शर्टाचं बटण लावायला, भाकरी मोडायला शिकवणं, गतिमंद मुलाला चमचा धरायला शिकवणं, हे आमचं काम. आशियातली या विषयाची पहिली शाळा आपल्या मुंबईत, केईएममध्ये, कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये सुरू केली. तरीही मराठी घरांत हा शब्द अजून माहीत नाही. हाताने करण्याची आवड, धीर आणि मुलांत रमणं असेल तर या शाखेचा विचार करा.


नेकारकाठ | २३ मे, रात्री १:२०

जर्मनीतून लिहिते आहे. सोलापूरची, जीएनएम, इथे सहावं वर्ष. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये इथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून गावाकडून मला रोज फोन येतात, म्हणून थोडं.

आधी तिकडे नर्सिंग पूर्ण करा, वॉर्डात काम करा, मग या. जर्मन भाषा बी-टू पातळीची, म्हणजे कामावर सहज बोलता येईल इतकी, लागते आणि ती सहा महिन्यांत घाईने होत नाही. आणि एक गोष्ट आधी समजून घ्या: आपल्याकडे अंघोळ घालणं, भरवणं हे नातेवाईक करतात. इथे ते नर्सचंच काम आहे, पदवी असली तरी. माझ्या बरोबर आलेल्या दोघी त्या एका कारणाने कोमेजल्या. मी माझ्या आजीला तीन वर्षं अंथरुणात अंघोळ घातली होती, मला काही वाटलं नाही. केवडाताईंच्या लेकीलाही वाटणार नाही असं तुमचं लिहिणं वाचून वाटलं.


केवडा | २ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर आणते आहे. सगळ्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याबद्दल क्षमस्व.

प्रवेश तालुक्याच्या कॉलेजात घेतला. रोज एसटीने जाऊन-येऊन, प्रॅक्टिकल खरीखुरी होतात हे आधी जाऊन बघितलं. मॅथ्स ठेवलं आहे. अडीच लाखांचा क्लास नाही लावला. फिजिक्सची शिकवणी गावातल्याच एका निवृत्त सरांकडे, आणि पुढच्या वर्षी फक्त टेस्ट सिरीज लावू. ठामपणे, तुमचंही म्हणणं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली नीट पूर्ण ताकदीने देणार, आणि बी.एस्सी. नर्सिंगची सीईटीही देणार. पहिली पसंती काय लिहायची ते तेव्हा ठरवेन म्हणते.

गोळ्यांच्या डब्याबद्दल सांगायचंय. रात्रपाळीताईंनी सांगितलं तसं तिने बारीक अक्षरातली नावं वहीत उतरवली. चौथ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे आली. सासूबाईंना बीपीची एक गोळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची आणि एक हाड मोडलं तेव्हा लिहून दिलेली. पाकिटं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. खाली दोन्हींवर एकच नाव, अ‍ॅम्लोडिपिन. सात महिने आम्ही दोन्ही देत होतो. सासूबाईंच्या पावलांना सूज असायची, आम्ही म्हणायचो बसून असतात म्हणून. गोळी आपल्या मनाने बंद नाही केली, वही आणि दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या समोरासमोर ठेवल्या, बीपी दोनदा मोजलं आणि एक गोळी थांबवली. दोन आठवड्यांत सूज बरीच उतरली. महिनाभराने पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि नाडीची पानं चाळली. सत्तावीस दिवसांच्या नोंदी होत्या, तीन दिवस रिकामे. त्यांनी विचारलं, हे तीन दिवस? ही म्हणाली, "शाळेचा दाखला आणायला मामाकडे गेले होते, मोजली नाही म्हणून लिहिली नाही." ते काही बोलले नाहीत, पण वही परत देताना दोन्ही हातांनी दिली.

आशाताईंबरोबर दोन सत्रांना जाऊन आली. पहिल्या वेळी एक बाळ रडून रडून निळंजांभळं झालं, ही घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या वेळी जेवली.

लसीकरणाचं कार्ड सासूबाईंच्या पेटीत लुगड्याच्या घडीत सापडलं. पोलिओ, ट्रिपल, गोवर सगळ्यांवर शिक्के आहेत, हिपॅटायटिस बी चा रकाना कोरा. पहिला डोस २६ जुलैला घेतला. दुसरा २६ ऑगस्ट. तिसरा २६ जानेवारीला येतो, त्या दिवशी झेंडावंदन, दवाखाना बंद असेल म्हणून तिने नवीन कॅलेंडर यायच्या आधीच वहीत २७ तारीख लिहून ठेवली आहे. रात्रपाळीताई, तिने मुद्दाम विचारायला सांगितलंय, एक दिवस उशीर चालतो ना?


रात्रपाळी | ३ ऑगस्ट, पहाटे ५:१०

चालतो. उशीर चालतो, ठरल्या तारखेच्या आधी घेऊ नये. ते तीन दिवस कोरे ठेवले, त्याबद्दल तिच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा.